थोड्या खर्चात बुंदेलखंड

प्रवासाची हौस नाही असा मनुष्य विरळा. आणि ती हौस पुरविण्याइतका पैसा नेहमी शिलकीस असतो असे मध्यम स्थितीतील एकत्र कुटुंब त्याहूनही विरळ. त्यामुळे आपल्या घराघरांतून प्रवासाच्या गोष्टी पुष्कळ होतात, पण प्रवास थोडे होतात. 'पुढच्या वर्षी पाहू' या तीन शब्दांनी जितके बेत बुडाले असतील, तितके दुष्काळाने व आजाराने मिळूनही बुडाले नसतील. प्रस्तुत लेखाचा हेतू इतकाच की, उत्तरेकडील एका खडकाळ, परंतु इतिहासाने समृद्ध अशा प्रांताचा प्रवास आपल्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास कसा आखता येईल, हे स्वानुभवाने सांगावे. त्या अनुभवात माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. ती लपवून ठेवल्यास लेखाचा अर्धा उपयोग नाहीसा होईल, म्हणून तीही सांगणार आहे.

आमचे वास्तव्य वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे. १९३६ साली गांधीजी येथे राहावयास आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. ते बदलून १९४० साली सेवाग्राम झाले. तेव्हापासून देशोदेशीची माणसे आमच्या गावी येतात, कुडाच्या त्या झोपड्या पाहतात आणि साधेपणाविषयी चार शब्द बोलून परत जातात. काटकसर ही आमच्या येथील हवेतच आहे, असे म्हटले तरी चालेल. गांधीजी स्वतः रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने हिंडले आणि त्या वर्गाच्या उतारूंच्या हालांवर त्यांनी १९१७ साली एक लहानसे पुस्तकही प्रसिद्ध केले. पुढे १९७४ साली तो तिसरा वर्गच रेल्वेने बंद केला. परंतु तिसऱ्या वर्गाच्या ऐपतीचा उतारू काही बंद झाला नाही. तो मी आहे, आणि बहुधा वाचकांपैकीही पुष्कळजण आहेत.

दक्षिणेकडून दिल्लीकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावर आमचे स्थानक आहे. तेथून नागपूर, इटारसी, भोपाळ, बीना, ललितपूर असे करीत गाडी झाशीस पोहोचते. अंतर सुमारे साडेसातशे किलोमीटर, वेळ बारा-तेरा तासांचा. म्हणजे रात्री गाडीत निजावे आणि दुसऱ्या दिवशी बुंदेलखंडात उतरावे, इतका तो प्रांत आम्हां वऱ्हाड-नागपूरकडील लोकांस जवळ आहे. आणि तरीही तो आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. काशी-प्रयागास जाणारी मंडळी त्याच्या कडेने निघून जातात.

बुंदेलखंड हा आज उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश या दोन राज्यांत विभागलेला आहे. जमीन उंचसखल, माती पातळ, आणि जागोजाग उघडे पडलेले ग्रॅनाइटचे खडक. हा खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा जुना, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पणजोबांचाही पणजोबा. बेतवा, केन या नद्या या खडकांतून वाट काढीत यमुनेस मिळतात. पाऊस बेभरवशाचा, म्हणून चंदेल राजांनी हजार वर्षांपूर्वी बांधून ठेवलेल्या तलावांवर कित्येक गावे अद्याप विसंबून आहेत. अशा कठीण भूमीत माणसेही कठीण निपजली आणि किल्लेही.

महाराष्ट्राचा या प्रांताशी संबंध केवळ लक्ष्मीबाईच्या नावापुरता नाही. १७२९ साली महंमदखान बंगषाने वृद्ध छत्रसालास जैतपुराशी कोंडले असता बाजीराव पेशव्याने धावून जाऊन त्यास सोडविले, आणि छत्रसालाच्या मृत्यूनंतर त्याच्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. रत्नागिरीकडील नेवऱ्याचे गोविंदपंत खेर सागरास राहून 'बुंदेले' झाले, आणि पानिपताच्या अगोदर डिसेंबर १७६० मध्ये रणात पडले. ओरछ्याच्या बीरसिंगदेवाने १६१३ साली बांधलेला झाशीचा किल्ला नारोशंकर याने १७४२ नंतर वाढविला. नाशिकास गोदावरीकाठी ज्याच्या देवळावरील घंटा प्रसिद्ध आहे, तोच हा नारोशंकर. पुढे झाशी नेवाळकरांकडे आली. बाजीराव व मस्तानी यांचा नातू अली बहादूर याने बांद्यास राज्य थाटले. पेशवाईच्या अखेरीस अमृतराव पेशवे चित्रकूटाजवळील कर्वी येथे जाऊन राहिले. त्यांचे पुत्र विनायकराव यांनी बांधलेला गणेशबाग तेथे आजही उभा आहे. येणेप्रमाणे, उत्तरेकडील हा प्रांत परका म्हणून पाहावयास जावे असा नाही. पूर्वजांनी जेथे घरे केली अशी ती भूमी आहे.

या प्रांताची गोडी आमच्या घरात मी आणली नाही. ती आणली माझ्या वहिनींनी. वसईकडच्या नव्हे, पेणजवळच्या वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक वाचकांस ठाऊक असेलच. घरावरील कर्ज फेडावे म्हणून हा तरुण भिक्षुक १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेस निघाला आणि ऐन बंडाच्या धुमाळीत सापडला. इंग्रजी फौज झाशीत शिरली तेव्हा तो शहरातच होता. मिळविलेली दक्षिणा वाटेत पुनःपुन्हा लुटली गेली. तथापि आईबापांसाठी गंगेची कावड मात्र त्याने घरी आणून पोहोचविली. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक छापून प्रसिद्ध केले. वहिनी या घरात आल्या तेव्हा त्यांच्या पेटीत एक जुनी प्रत होती. माझ्या आईची दृष्टी अधू झाल्यावर रोज दिवेलागणीनंतर त्या ती तिला वाचून दाखवीत. काल्पीच्या वाटेवर तहानेने व्याकुळ झालेली राणी विहिरीपाशी येते, आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावे हे न पटून दोर स्वतःच्या हाती घेते, हा प्रसंग आला म्हणजे वहिनी क्षणभर थांबत. आई विचारी, "संपलं का गं?" आणि मग त्या पुढे वाचू लागत.

आता चुकीची हकीकत. २०१२ साली आम्ही बुंदेलखंडाचा पहिला प्रवास केला. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा बंधू व पुतण्या. शाळामास्तराच्या सवयीप्रमाणे मी प्रथम एका कागदावर स्थळांची यादी केली: ग्वाल्हेर, दतिया, झाशी, ओरछा, खजुराहो, कालंजर, चित्रकूट, सागर. मग दिवस मोजले, ते दहा भरले. मग पैसे मोजले, तेव्हा ते तिघांपुरतेच आहेत असे दिसून आले. आई अंथरुणास खिळलेली होती, गोठ्यात गाय होती. कोणीतरी घरी राहणे भागच होते. ते 'कोणीतरी' कोण, हा प्रश्न कोणी विचारलाही नाही. वहिनींनी दोन दिवस खपून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू, चटण्या यांचे डबे भरून दिले आणि दारापर्यंत येऊन "सांभाळून जा" म्हणाल्या.

दहा दिवसांत आठ स्थळे आम्ही पाहिली, म्हणजे त्यांवरून धावलो. कालंजरच्या नीलकंठाच्या देवळात पंधरा मिनिटे उभे राहिलो असू. परत आल्यावर ओटीवर बसून मी हिशेब वाचून दाखविला. अंदाजापेक्षा तीनशे रुपये कमी लागले होते व त्याचा मला मोठा अभिमान वाटत होता. वहिनींनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊजी, काल्पीला गेला होतात का हो?" मी म्हणालो, "नाही. तिथं पाहण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून वगळलं." "बरं," असे म्हणून त्या आईचे ताट वाढावयास आत गेल्या.

त्या 'बरं'चा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. ज्या पुस्तकामुळे हा प्रवास सुचला ते पुस्तक त्यांचे. ज्या डब्यांमुळे आमचा चार दिवसांचा खर्च वाचला ते डबे त्यांचे. आणि दहा दिवस आईचे पथ्यपाणी, गाय व घर सांभाळण्याचे कष्टही त्यांचे. यांपैकी एकही रक्कम माझ्या हिशेबाच्या वहीत कोठे नव्हती. मी ज्यास काटकसर म्हणत होतो ती वस्तुतः खर्च दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याची युक्ती होती. ज्या गावात काटकसरीचा आरंभ स्वतःपासून करण्याचा धडा घालून दिला गेला, त्याच गावात राहून मी ती वहिनींपासून सुरू केली होती.

नंतर आई गेली, काही वर्षांनी दादाही गेले. मध्ये २०२० व २०२१ ही दोन वर्षे साऱ्या जगाचाच प्रवास थांबलेला होता. वहिनींनी बहात्तरी गाठली, गुडघे दुखू लागले. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले की जिने फार चढू नयेत. त्या रात्री मी पुन्हा कागद घेतला. परंतु या खेपेस यादीचा क्रम उलटा केला. या लेखात मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार त्या क्रमातच आहे, म्हणून तो नीट मांडतो.

पहिली यादी माणसांची. कोण जाणार, आणि ज्यांना 'पुढच्या खेपेस' असे सांगता येणार नाही असे त्यांत कोण, हे आधी ठरवावे. आमच्या यादीत वहिनी, माझी सौ., सूनबाई, अकरा वर्षांचा नातू व मी असे पाच जण झाले. पुतण्याने आपण होऊन घर व गाय पत्करली.

दुसरी यादी शक्तीची. सर्वांत अशक्त मनुष्य एका दिवसात किती चालू शकेल तेच साऱ्या मंडळींचे माप. आमच्या बाबतीत ते माप एका दिवसास एक स्थळ आणि तेही फार जिन्यांचे नव्हे, असे निघाले.

तिसरी यादी काळाची. बुंदेलखंडात वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा त्या दिवसांचे नाव काढू नये. पौषात दाट धुके पडते व गाड्या तासन् तास उशिरा धावतात. थांबणाऱ्या प्रत्येक तासाचा खर्च चहा-फराळाच्या रूपाने आपल्यावरच पडतो. सबब कार्तिक-मार्गशीर्ष किंवा माघ-फाल्गुन हेच दिवस उत्तम. आम्ही माघ निवडला. त्यासाठी नातवाच्या शाळेत रजेचा अर्ज करावा लागला. जन्मभर मुलांच्या अशा अर्जांवर नाक मुरडणाऱ्या मास्तराने स्वतः असा अर्ज लिहावा, यावर घरात पुष्कळ हशा झाला.

चौथी यादी स्थळांची, आणि ती वगळण्याची. आठांतून पाच स्थळे मी स्वतःच्या हाताने खोडली. खजुराहो झाशीपासून पावणेदोनशे किलोमीटर, चित्रकूट अडीचशेहून अधिक. दोन्ही नितांत सुंदर, पण दोन्हींस स्वतंत्र मुक्काम पाहिजे. झाशी, ओरछा आणि हवे असल्यास ग्वाल्हेर ही तीन ठेवली व चौथे नाव नव्याने लिहिले: काल्पी. मुक्काम एकच, झाशीचा. रोज बिऱ्हाड हलविण्यात पैसा तर जातोच, परंतु त्याहून अधिक जाते ते घरातील स्त्रियांचे बळ. कारण गाठोडी बांधणे व सोडणे हे काम शेवटी त्यांच्याकडेच येते.

पाचवी यादी पैशांची, ती सर्वांच्या शेवटी. आश्चर्य असे की, स्थळे कमी केल्याबरोबर पाच माणसांचा खर्च आवाक्यात आला. प्रवासात पैसा माणसांमुळे जितका लागतो त्यापेक्षा धावपळीमुळे अधिक लागतो, हे त्या वेळी मला प्रथम समजले.

आता रेल्वेसंबंधी चार व्यावहारिक गोष्टी. ज्येष्ठांस भाड्यात मिळणारी सूट मार्च २०२० मध्ये थांबली, ती धरून अंदाज करू नये. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. पूर्वीची एकशेवीस दिवसांची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली आहे. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या शय्यांचा काही वाटा राखून ठेवलेला असतो. पण तो एका तिकिटावर असे एक किंवा दोनच उतारू असतील तर मिळतो. म्हणून वहिनी व सौ. यांचे तिकीट आम्ही निराळे काढले आणि दोघींसही खालची जागा मिळाली. पाच ते बारा वर्षांच्या मुलास शय्या नको असेल तर अर्धे भाडे पडते, शय्या हवी असल्यास पूर्ण. रात्रीच्या प्रवासात पूर्ण भाडे देणेच बरे. तसेच, पाचशे किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर पाचशे किलोमीटर ओलांडल्यानंतर वाटेत एकदा उतरून दोन दिवस राहता येते. ज्यांस ग्वाल्हेरपर्यंत जावयाचे आहे त्यांनी सेवाग्राम ते ग्वाल्हेर असे एकच तिकीट काढून झाशीस उतरण्याविषयी आरक्षणाच्या वेळीच खिडकीवर विचारावे. अंतर वाढते तसा दर किलोमीटरामागील आकार कमी होतो, म्हणून दोन तुटक तिकिटांपेक्षा एक सलग तिकीट स्वस्त पडते.

फराळाविषयी आम्ही एक नियम केला: डबा एका रात्रीपुरताच न्यावयाचा, आणि तो सर्वांनी मिळून करावयाचा. गूळपोळ्या, पुऱ्या व तिळाची चटणी, बस्स. पुऱ्या लाटावयास मीही बसलो. त्यांच्या आकाराविषयी न बोललेले बरे. पुढील दिवसांत तेथील भोजनालयात गरम पोळी, डाळ, भाजी खावी. ताजे अन्न स्वस्त पडते व मानवतेही.

परतीच्या प्रवासात दिवसाउजेडी गाडी मिळाली तर खिडकी सोडू नये. महामहोपाध्याय मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे प्रतिपादन केले आहे. तो मेघ रामगिरीहून निघून नर्मदा व विंध्य ओलांडीत वेत्रवतीकाठच्या विदिशेस जातो. वेत्रवती म्हणजेच बेतवा. आपली गाडीही नागपूर सोडून नर्मदेच्या पुलावरून जाते, विंध्याचा घाट चढते आणि विदिशेच्या स्थानकावर थांबते. ज्यांनी शाळेत थोडेबहुत संस्कृत घोकले असेल त्यांस या एका वाटेने तिकिटाचे सारे पैसे परत मिळाल्यासारखे वाटेल.

झाशीस उतरल्यावर पहिला दिवस आम्ही केवळ विश्रांतीस ठेवला. धर्मशाळेत तळमजल्यावरील दोन खोल्या आधीच सांगून ठेविल्या होत्या. संडास खोलीस लागून आहे ना, एवढे मात्र विचारून घ्यावे, वृद्धांच्या दृष्टीने तो मुद्दा किल्ल्याइतकाच महत्त्वाचा आहे. सायंकाळी गणपतीच्या देवळात गेलो. लक्ष्मीबाई व गंगाधरराव यांचे लग्न १८४२ साली येथे लागले असे सांगतात. दुसऱ्या दिवशी किल्ला. दरवाजापर्यंत रिक्षा जाते. आत वहिनी हळूहळू, दोन ठिकाणी बसत चालल्या. 'कडक बिजली' तोफेवर नातवाने हात ठेवला. तटावरून खाली शहर दिसते. १८५८ च्या मार्चअखेर याच तटावर तोफा धडधडत होत्या, ३ एप्रिलला फौज शहरात शिरली, आणि पाठोपाठ रात्रीच्या अंधारात राणी येथून निसटली. वहिनी तटाला हात टेकून बराच वेळ शहराकडे पाहत होत्या. पुस्तकातील हकीकत त्यांस मुखोद्गत होती. मी काही सांगावे असे उरलेच नव्हते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांस तिकीट पडत नाही, हेही येथे नमूद करून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी ओरछा. झाशीहून अवघे पंधरा-सोळा किलोमीटर. तेथे जाणाऱ्या रिक्षाही मिळतात. रुद्रप्रतापाने १५३१ साली वसविलेले हे बुंदेल्यांचे राजधानीचे गाव बेतवेच्या काठी आहे. येथे रामचंद्र देव म्हणून नव्हे, तर राजा म्हणून नांदतो. त्याचे देऊळ म्हणजे मूळचा राणीवसा, आणि पोलीस त्यास राजाप्रमाणे सलामी देतात. सूनबाई व नातू जहांगीर महालाचे उंच जिने चढून गेली. आम्ही वृद्ध मंडळी नदीकाठच्या छत्र्यांपाशी खडकावर बसलो. महाल पाहिला नाही याचे वाईट वाटते का, असे मी विचारले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सगळंच कुणाला दिसतं? नदी तर दिसली." सौ. म्हणाली की तिला सगळेच दिसते आहे, कारण आज दुपारी स्वयंपाक करावयाचा नाही.

चौथ्या दिवशी काल्पी. कानपुराकडे जाणाऱ्या गाडीने सुमारे दीडशे किलोमीटर. सकाळी जाऊन रात्री परत येता येते. यमुनेच्या उंच, तुटलेल्या काठावर हे गाव आहे. परंपरेने हे व्यासांचे जन्मस्थान मानतात. मे १८५८ मध्ये येथेच मोठी लढाई होऊन बंडवाल्यांचा मोड झाला. २०१२ साली 'पाहण्यासारखे फारसे काही नाही' असे मी म्हणालो होतो, आणि स्थळांच्या यादीच्या हिशेबाने ते काही अगदीच खोटे नव्हते. नदीवर जाऊन आल्यावर परत येताना रस्त्यालगत एका शेतात विहीर दिसली. वहिनींनी रिक्षा थांबवावयास सांगितली. शेतावरच्या बाईने मोठ्या अगत्याने दोर-बादली पुढे केली. सूनबाईने पाणी काढले. नातवाने विचारले, "आजी, हीच का ती विहीर?" वहिनी ओंजळीने पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "असेल किंवा नसेल. पाणी गोड आहे." मग त्यांनी पिशवीतून लहान गडू काढून त्यात थोडे पाणी घेतले. तो गडू त्यांनी घरूनच आणला होता, हे आम्हां कोणास ठाऊक नव्हते.

पाचवा दिवस मी कागदावर कोराच ठेवला होता. प्रवासात असा एक कोरा दिवस अवश्य ठेवावा. आजारपण आले तर तो कामास येतो, न आले तर हौसेस. आम्ही तिघे वृद्ध धर्मशाळेत स्वस्थ राहिलो. सूनबाई मात्र नातवास घेऊन ग्वाल्हेरास गेली. झाशीहून ग्वाल्हेर शंभर किलोमीटरांच्या आत आहे, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतता येते. फुलबागेतील राणीची समाधी व किल्ला ही दोघांनी पाहिली. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुजाचे एक लहान देऊळ आहे; तेथील ८७६ सालच्या शिलालेखात २७० ही संख्या शून्य घालून कोरलेली आहे. नातू रात्री आल्याबरोबर ते शून्य किती लहान आहे हे मला बोटांनी दाखवू लागला. सूनबाई इतकेच म्हणाली, "काका, मी आजवर एकटी वर्ध्याच्या पलीकडे गेले नव्हते." तिने कोणाचेही न विचारता स्वतः तिकिटे काढली होती व परतीच्या गाडीचा फलाटही स्वतः शोधला होता.

आता हिशेब, कारण तो वाचल्याशिवाय वाचकांचे समाधान होणार नाही. पाच माणसे, घर ते घर आठ दिवस: मुख्य रेल्वेभाडे ४,५०० रुपये, पाच रात्रींचा निवास ७,००० रुपये, भोजन ७,००० रुपये, रिक्षा, जवळच्या गाड्या व हमाल ६,५०० रुपये, तिकिटे व किरकोळ १,२०० रुपये. एकंदर २६,२०० रुपये, म्हणजे माणशी ५,२४० रुपये. याखेरीज पाच हजारांची गंगाजळी वेगळी बांधून नेली होती, ती न मोडता परत आली. हमालाशी घासाघीस करू नये. दहा-वीस रुपये वाचविण्यासाठी वृद्ध माणसाने ओझे उचलले तर तेच पैसे पुढे वैद्याकडे द्यावे लागतात. भाडी व दर बदलत असतात, तेव्हा वाचकांनी हे आकडे जसेच्या तसे न घेता त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण तेवढे घ्यावे. आणि वहीच्या शेवटी आणखी एक ओळ अवश्य लिहावी: या प्रवासासाठी घरी कोण राहिले व त्याने काय केले. आमच्या वहीत तेथे लिहिले आहे, 'पुतण्या. आठ दिवस, गाय व घर.'

वहिनींचा गडू देवघरात आहे. पुतण्यास आता चित्रकूट व कर्वी पाहावयाची आहे, आणि त्याचा हक्क पहिला. धाकट्या बंधूस व सौ.सही त्याच्याबरोबर जावयाचे आहे. पुढील कार्तिकासाठी माणसांची यादी मी केली आहे. तीत माझे नाव नाही. या खेपेस घरी राहण्याची पाळी माझी, आणि धार काढण्याचा सराव मी आतापासूनच सुरू केला आहे.

वाचकांनीही आपापल्या घरी असा एक कागद घ्यावा. त्यावर स्थळांची नावे लिहिण्यापूर्वी माणसांची लिहावी, आणि सर्वांत वर त्या व्यक्तीचे नाव लिहावे, जी आजवर प्रत्येक प्रवासाच्या वेळी दारापर्यंत येऊन परत आत गेली आहे.